सेवाभिलेखातून दस्तऐवज वगळणे (अमेरिकेचे भूदल)

सेवाभिलेखातून दस्तऐवज वगळणे ही अमेरिकेच्या भूदलातील एक प्रशासकीय प्रक्रिया आहे. अधिकृत लष्करी सेवाभिलेखात दाखल झालेला एखादा प्रतिकूल कागद खोटा आहे, अन्यायकारक आहे किंवा त्याचे प्रयोजन संपले आहे, असा दावा सैनिक या प्रक्रियेत करतो. तो कागद काढून टाकावा किंवा निर्बंधित भागात हलवावा, अशी त्याची मागणी असते. ठपकापत्र, प्रतिकूल मूल्यमापन अहवाल, कोर्ट मार्शलविना दिलेल्या शिक्षेची नोंद आणि चौकशीचे निष्कर्ष हे अशा कागदांचे नेहमीचे प्रकार होत. ठपकापत्राबाबतचा अर्ज प्रथम डिपार्टमेंट ऑफ द आर्मी सुटेबिलिटी इव्हॅल्युएशन बोर्ड (पुढे 'योग्यता मंडळ') या मंडळाकडे जातो. तेथे दाद न मिळाल्यास आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्‌स (पुढे 'अभिलेख दुरुस्ती मंडळ') या मंडळाकडे जाता येते, आणि शेवटी संघीय न्यायालयाचा मार्ग असतो.

सेवाभिलेख आणि त्याचे महत्त्व

भूदलातील बढतीची निवड मंडळे उमेदवाराला प्रत्यक्ष भेटत नाहीत. त्यांच्यासमोर असतो तो त्याचा सेवाभिलेख. मूल्यमापन अहवाल, पदके, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि शिस्तविषयक कागद यांवरूनच मंडळ मत बनवते. त्यामुळे इतर कागद कितीही चांगले असले, तरी एका ठपकापत्रामुळे बढती रोखली जाऊ शकते. वरिष्ठ नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या बाबतीत परिणाम याहून पुढे जातो. असा कागद दाखल झाल्यावर 'क्वालिटेटिव्ह मॅनेजमेंट प्रोग्रॅम' या योजनेखाली त्यांना सेवेत ठेवावे की नाही याचा विचार होऊ शकतो. कमिशन्ड अधिकाऱ्याला सेवेतून का काढू नये याची कारणे दाखवण्यास सांगितले जाऊ शकते. लष्करी निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः २० वर्षांची सेवा लागते. पंधरा-सोळा वर्षे सेवा झालेल्या सैनिकाच्या दृष्टीने प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नसतो. तो उर्वरित आयुष्याच्या उत्पन्नाचाही असतो.

सेवाभिलेख आता पूर्णपणे संगणकीय झाला असून तो 'आयपर्म्स' या प्रणालीत साठवला जातो. त्याचे अनेक भाग असले, तरी या विषयात दोनच महत्त्वाचे आहेत. पहिला कामगिरीचा भाग. तो निवड मंडळांना नेहमी दिसतो. दुसरा निर्बंधित भाग. तो सर्वसाधारण निवडीच्या वेळी उघडला जात नाही. निर्बंधित भागातला कागद नष्ट झालेला नसतो, त्याला फक्त पडद्याआड ठेवलेले असते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा पडदाही अलीकडे विरळ झाला आहे. २०२० या आर्थिक वर्षाच्या संरक्षण अधिकारप्रदान कायद्यानुसार, नियमित सेवेतील मेजर व त्यावरील पदांच्या निवडीत अधिकृत चौकशीने सिद्ध ठरलेली प्रतिकूल माहिती मंडळापुढे ठेवावी लागते. पूर्वी हे बंधन जनरल दर्जाच्या निवडींपुरतेच होते.

ठपकापत्र

वगळण्याच्या मागण्यांत सर्वाधिक चर्चा होते ती जनरल दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या ठपकापत्राची. इंग्रजी आद्याक्षरांवरून सैनिकांच्या बोलीत त्याला 'गोमोर' म्हणतात. मद्यपान करून वाहन चालवणे, हाताखालच्या व्यक्तीशी अनुचित संबंध, खोटे निवेदन अशा कारणांसाठी ते दिले जाते. कायद्याच्या दृष्टीने ही शिक्षा नव्हे. वेतन कापले जात नाही, पद जात नाही, कोठडीही होत नाही. ती केवळ एक प्रशासकीय कारवाई आहे आणि तिची धार नेमकी याच गोष्टीत आहे. शिक्षा नसल्यामुळे कोर्ट मार्शलमधील संरक्षणे येथे लागू होत नाहीत. साक्षीदारांची उलटतपासणी होत नाही आणि गुन्हा निःसंशय सिद्ध करण्याची गरजही नसते. करिअर संपवण्याच्या बाबतीत मात्र हा कागद अनेक शिक्षांना मागे टाकतो.

प्रतिकूल माहितीविषयीचे भूदलाचे नियम 'आर्मी रेग्युलेशन ६००-३७' या नियमावलीत आहेत. त्यानुसार ठपकापत्र दाखल करण्यापूर्वी ते आणि त्यामागचे पुरावे सैनिकाला दाखवावे लागतात व लेखी खुलाशाची संधी द्यावी लागते. खुलासा वाचल्यावर जनरलपुढे तीन पर्याय असतात: पत्र रद्द करणे, ते स्थानिक फायलीत मर्यादित काळ ठेवणे किंवा कायम सेवाभिलेखात पाठवणे. तिसरा पर्याय निवडल्यास खुलासाही पत्रासोबत दाखल होतो. लष्करी बचाव वकील याच टप्प्यावर सर्वाधिक जोर देतात, कारण येथे एका माणसाचे मन वळवायचे असते. पत्र एकदा सेवाभिलेखात गेले की सैनिकाला एका गृहीतकाशी लढावे लागते.

प्रतिकूल नोंद संबंधिताला कळवण्याच्या प्रश्नावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात (२००८) निकाल दिला आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे, असे त्या निकालात सांगितले असले, तरी लष्करी अधिकाऱ्यांना त्या निर्देशांतून वगळले होते.

मागणीचे दोन आधार

योग्य रीतीने दाखल झालेला कागद प्रशासकीयदृष्ट्या बरोबर आहे आणि सक्षम अधिकाऱ्याने वस्तुनिष्ठ निर्णयानेच तो दाखल केला आहे, असे भूदल गृहीत धरते. हे चुकीचे आहे असे दाखवण्याची जबाबदारी सर्वस्वी सैनिकाची असते. तो दोन प्रकारचे दावे करू शकतो. हे दावे वरवर सारखे दिसले, तरी त्यांचा रोख परस्परविरुद्ध आहे.

पहिला दावा असा, की कागद पूर्णतः किंवा अंशतः असत्य अथवा अन्यायकारक आहे. यासाठी 'स्पष्ट व खात्रीलायक' पुरावा लागतो. दिवाणी दाव्यात पारडे किंचित झुकले तरी पुरते; येथे ते चांगलेच झुकावे लागते. नवे साक्षीपुरावे, प्रयोगशाळेचा अहवाल, दिवाणी न्यायालयाचा निकाल, तक्रारदाराने बदललेला जबाब अशा गोष्टींचा उपयोग होतो. वरिष्ठांनी दिलेली चारित्र्याची प्रशस्तिपत्रे मात्र फारशी कामी येत नाहीत, कारण सैनिक चांगला आहे यावरून त्या दिवशीची घटना घडलीच नाही असे ठरत नाही. फौजदारी खटला रद्द झाला किंवा आरोपी निर्दोष सुटला, तरी पत्र आपोआप निघत नाही. दोन्हीकडे सिद्धतेची पातळी वेगळी असल्याने मंडळे हा युक्तिवाद बहुधा फेटाळतात. मात्र हा दावा मान्य झाला, तर कागद सेवाभिलेखातून पूर्णपणे निघतो.

दुसरा दावा असा, की पत्राचा हेतू साध्य झाला आहे. येथे सैनिक चूक नाकारत नाही. आपण सुधारलो आहोत आणि हा कागद निर्बंधित भागात हलवणे भूदलाच्याच हिताचे आहे, असे तो म्हणतो. यासाठी 'भरीव' पुरावा पुरतो, म्हणजे पातळी खालची आहे. साधारण एक वर्ष उलटलेले असावे आणि त्यानंतर शैक्षणिक अहवालाव्यतिरिक्त किमान एक मूल्यमापन अहवाल मिळालेला असावा, अशी अपेक्षा असते. हा मार्ग कनिष्ठ सैनिकांसाठी नाही. स्टाफ सार्जंट व त्यावरील पदांवरील व्यक्तींनाच तो खुला ठेवण्यात आला.

व्यवहारात पेच निर्माण होतो तो या दोन दाव्यांच्या संगतीमुळे. 'मी हे केलेच नाही' असे म्हणणारा माणूस पुढच्याच परिच्छेदात 'मी यातून धडा घेतला' असे लिहू लागला, तर दोन्ही विधाने दुबळी होतात. पश्चात्तापाचा अभाव हे दुसरा दावा फेटाळण्याचे नेहमीचे कारण आहे. त्यामुळे आपण खरोखरच निर्दोष आहोत असे मानणाऱ्या सैनिकापुढे कठीण निवड उभी राहते. एक मार्ग अवघड पुराव्याचा आहे आणि दुसरा न केलेल्या कृत्याची जबाबदारी स्वीकारण्याच्या जवळ जाणारा. नियमावलीत या पेचावर उपाय नाही.

योग्यता मंडळ

योग्यता मंडळात गणवेशातील वरिष्ठ सदस्य असतात आणि ते आर्मी रिव्ह्यू बोर्ड्‌स एजन्सी या यंत्रणेखाली काम करते. ते कागदोपत्री निर्णय देते. अर्जदाराला समोर उभे राहण्याचा हक्क नसतो. मूळ ठपका देणारा जनरलही, आपल्या निर्णयाचा पाया चुकीचा होता असे नव्या माहितीवरून दिसल्यास, पत्र काढण्याची विनंती करू शकतो. अशी विनंती अर्जाला मोठे बळ देते, पण तीही मंडळावर बंधनकारक नसते.

नियमावलीच्या १९८६ च्या आवृत्तीत एक विचित्र तरतूद होती. अर्ज फेटाळला गेल्यास त्याची सूचना देणारे पत्र सेवाभिलेखाच्या कामगिरीच्या भागातच ठेवले जाई आणि मूळ अर्ज निर्बंधित भागात जाई. परिणामी एक कागद काढायला गेलेल्या सैनिकाच्या फायलीत निवड मंडळाला दिसणारा आणखी एक कागद जमा होत असे.

मूल्यमापन अहवालांसाठी वेगळा मार्ग आहे. त्यांवरील अपील 'आर्मी रेग्युलेशन ६२३-३' या नियमावलीनुसार चालते आणि आशयाविषयीची हरकत सामान्यतः तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते.

अभिलेख दुरुस्ती मंडळ

दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले आणि सेवाभिलेखांतील चुकांच्या तक्रारींची रीघ लागली. त्या काळी अशा चुका दुरुस्त करण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे काँग्रेसमध्ये त्या एका व्यक्तीपुरते खासगी विधेयक मांडणे. एका माणसाच्या सेवामुक्तीचा शेरा बदलण्यासाठी देशाच्या विधिमंडळाने कायदा करावा, हे फार काळ चालणे शक्य नव्हते. १९४६ च्या लेजिस्लेटिव्ह रीऑर्गनायझेशन ॲक्टने अशी विधेयके बंद केली आणि ते अधिकार लष्करी विभागांच्या सचिवांना दिले. सचिवांनी ते नागरी सदस्यांच्या मंडळांमार्फत वापरायचे होते. १९५१ च्या दुरुस्तीने दुरुस्त अभिलेखानुसार थकीत वेतन देण्याची सोय झाली. आज ही तरतूद अमेरिकी संहितेच्या १० व्या शीर्षकातील कलम १५५२ मध्ये आहे. भूदल, नौदल व हवाई दलाची मंडळे स्वतंत्र आहेत. मरीन कोअरची प्रकरणे नौदलाच्या मंडळाकडे जातात, तर तटरक्षक दलाचे मंडळ होमलँड सिक्युरिटी विभागात आहे.

कलम १५५२ मधील कळीचे शब्द 'चूक दुरुस्त करणे किंवा अन्याय दूर करणे' असे आहेत. यातील 'किंवा' महत्त्वाचा आहे. नियमांचे काटेकोर पालन होऊनही परिणाम अन्यायकारक असू शकतो, हे कायद्याने मान्य केले आहे. योग्यता मंडळापेक्षा हे मंडळ दोन बाबतींत वेगळे आहे. त्याचे सदस्य नागरी कर्मचारी असतात, आणि तेथे पुराव्याचे पारडे अर्जदाराच्या बाजूने झुकले तरी पुरते.

अर्ज 'डीडी फॉर्म १४९' या नमुन्यात करतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत असली, तरी न्यायाच्या हितासाठी मंडळ उशीर माफ करू शकते आणि पुष्कळदा करते. त्याआधी खालचे सर्व प्रशासकीय उपाय वापरून झालेले असावे लागतात. योग्यता मंडळ टाळून थेट येथे आलेला अर्ज सहसा परत पाठवला जातो. वकील नेमता येतो, पण स्वतःच्या खर्चाने. प्रकरण किमान तीन सदस्यांच्या पीठापुढे जाते आणि निर्णय बहुमताने होतो. सुनावणीची मागणी करता येते. प्रत्यक्षात ती क्वचितच मिळते. मंडळ स्वतः चौकशी करत नाही. अर्जदाराने जोडलेले कागद आणि सरकारी अभिलेख यांच्याबाहेर ते सहसा जात नाही. म्हणून बरेच अर्ज आशयात बळ असूनही पुराव्याअभावी पडतात. कायद्यानुसार ९० टक्के प्रकरणे दहा महिन्यांत निकाली निघणे अपेक्षित आहे आणि कोणतेही प्रकरण अठरा महिन्यांपलीकडे लांबू नये, असे बंधन आहे.

मागणी मान्य झाल्यास कागद काढण्याबरोबरच त्याचे परिणामही दुरुस्त करता येतात. कागदामुळे बढती हुकलेल्या अधिकाऱ्याचे नाव विशेष निवड मंडळापुढे नव्याने ठेवता येते. तक्रार केल्याचा सूड म्हणून ठपका दिला गेला असेल, तर १९८८ च्या मिलिटरी व्हिसलब्लोअर प्रोटेक्शन ॲक्टचे संरक्षणही मिळते. त्यासाठी महानिरीक्षकाचा अनुकूल अहवाल हाती असणे फार उपयोगी ठरते.

एक मर्यादा मात्र ठाम आहे. युनिफॉर्म कोड ऑफ मिलिटरी जस्टिसखाली झालेली कोर्ट मार्शलची दोषसिद्धी मंडळ रद्द करू शकत नाही. १९८३ च्या मिलिटरी जस्टिस ॲक्टपासून त्याला फक्त शिक्षेत दया दाखवता येते.

न्यायालयीन पुनर्विलोकन

चॅपेल विरुद्ध वॉलेस (१९८३) या प्रकरणात नौदलातील सैनिकांनी वांशिक भेदभावासाठी वरिष्ठांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. दाद मागण्यासाठी काँग्रेसने अभिलेख दुरुस्ती मंडळे निर्माण केली आहेत, याकडे त्याने लक्ष वेधले. मंडळाचा निर्णय मनमानी, लहरी किंवा भरीव पुराव्याविना असेल तर तो न्यायालयात रद्द होऊ शकतो, असेही त्या निकालात म्हटले आहे. व्यवहारात ही कसोटी मंडळांना फार झुकते माप देते. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने क्रेस प्रकरणात (१९८९) लष्करी निर्णयांबाबत नेहमीपेक्षा अधिक संयम पाळण्याची भूमिका घेतली. न्यायालय स्वतः कागद काढत नाही. ते बहुधा प्रकरण मंडळाकडे परत पाठवून कारणे नीट देण्यास सांगते.

धोरणबदलामुळे वगळणे

वैयक्तिक अर्जाखेरीज धोरण बदलल्यामुळेही कागद निघतात. कोविड-१९ ची लस घेण्याची ऑगस्ट २०२१ मधील सक्ती संरक्षण विभागाने १० जानेवारी २०२३ रोजी मागे घेतली. धार्मिक, प्रशासकीय किंवा वैद्यकीय कारणांनी सवलत मागितलेल्या सैनिकांना केवळ लस नाकारल्याबद्दल मिळालेली ठपकापत्रे काढून टाकावीत, असे आदेश नंतर निघाले. एरवी दुर्लभ असलेली गोष्ट येथे एका आदेशाने घडली. या सैनिकांना पत्रातील मजकूर असत्य असल्याचे सिद्ध करावे लागले नाही. नियमच बदलला होता.

'टायटलिंग' हा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. लष्करी गुन्हे अन्वेषण विभागाच्या अहवालात संशयित म्हणून नाव आले की ते गुन्हेविषयक सूचीत जाते. आरोपपत्र दाखल झाले नाही तरी ते तेथे राहते आणि पुढे नागरी नोकरी किंवा शस्त्रपरवान्याच्या पडताळणीत आडवे येऊ शकते. नॅशनल गार्डच्या भरती-प्रोत्साहन योजनेच्या चौकशीत शेकडो सैनिकांची नावे पुरेशा आधाराविना अशी नोंदली गेली होती. २०२२ मध्ये भूदलाने ती प्रकरणे पुन्हा तपासण्याचे जाहीर केले. ठपकापत्र निघाले तरी या सूचीतील नाव आपोआप निघत नाही, त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. २०२१ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्याने त्यासाठीची कसोटी काहीशी सैल केली.

ऐतिहासिक प्रकरणे

मंडळाची सर्वाधिक गाजलेली प्रकरणे मृत सैनिकांची आहेत, कारण वारसांनाही अर्ज करता येतो. हेन्री फ्लिपर हे वेस्ट पॉइंटचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर (१८७७). टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे १८८१ मध्ये त्यांच्यावर कोर्ट मार्शल झाले. अपहाराच्या आरोपातून ते सुटले, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनासाठी दोषी ठरले आणि १८८२ मध्ये बडतर्फ झाले. त्यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, १९७६ मध्ये, मंडळाने शिक्षा अवाजवी कठोर ठरवून त्यांची सेवामुक्ती सन्माननीय केली. दोषसिद्धी पुसणे आपल्या अधिकारात नाही, असे मंडळाचे मत पडले. त्यासाठी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना माफी द्यावी लागली.

डॉ. सॅम्युअल मड यांच्या प्रकरणात उलट घडले. अब्राहम लिंकन यांच्या मारेकऱ्याच्या पायावर उपचार करणाऱ्या या डॉक्टरला १८६५ मध्ये लष्करी आयोगाने दोषी ठरवले होते. नागरी व्यक्तीवर खटला चालवण्याचा आयोगाला अधिकार नव्हता, असे मत देऊन मंडळाने दोषसिद्धी रद्द करण्याची शिफारस केली. भूदल विभागाने ती १९९२ मध्ये नाकारली. अंतिम अधिकार मंडळाचा नसून सचिवांचा असतो, हे या प्रकरणातून दिसले. दशकभराने अपील न्यायालयानेही मड कुटुंबाला दाद दिली नाही. मड लष्करात नसल्याने हा कायदा त्यांना लागूच होत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले.

ऑगस्ट १९१७ मधील ह्यूस्टनच्या उठावाबद्दल २४ व्या इन्फन्ट्री रेजिमेंटच्या ११० कृष्णवर्णीय सैनिकांना दोषी ठरवून १९ जणांना फाशी देण्यात आली होती. मंडळाच्या शिफारशीवरून भूदलाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या सर्व दोषसिद्धी रद्द केल्या.

फोर्ट लॉटनचे प्रकरण कागदाच्या सामर्थ्याचे वेगळेच उदाहरण आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये सिॲटलजवळच्या या तळावर गुलिएल्मो ओलिवोत्तो हा इटालियन युद्धकैदी फासावर लटकलेला आढळला. त्याआधीच्या दंगलीसाठी ४३ कृष्णवर्णीय सैनिकांवर खटला चालला आणि २८ जण दोषी ठरले. त्या सर्वांचा बचाव करायला वकील होते फक्त दोन. तळावरील कारभारावर टीका करणारा जनरल इलियट कुक यांचा गोपनीय चौकशी अहवाल अभियोक्ता लिऑन जॅवोर्स्की यांच्याजवळ होता. बचाव पक्षाला तो पाहू दिला गेला नाही. पत्रकार जॅक हामन यांनी तो अभिलेखागारातून शोधून काढला आणि त्यावर आधारित पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २००७ मध्ये मंडळाने खटला मूलतः अन्याय्य ठरवून चार सैनिकांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांच्यापैकी हयात असलेले सॅम्युअल स्नो यांना थकीत वेतन म्हणून ७२५ डॉलरचा धनादेश मिळाला. जुलै २००८ मध्ये फोर्ट लॉटन येथे या सैनिकांसाठी समारंभ झाला. स्नो त्यासाठी फ्लोरिडाहून सिॲटलला आले होते, पण समारंभानंतर काही तासांतच त्यांचे तेथे निधन झाले.